छतावर पहिल्यांदा कामाला चाललात? आधी हातातला माल ओळखा

छताच्या कामावर नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात, सांभाळून चाल, पडशील. बरोबरच आहे ते, या धंद्यात सगळ्यात जास्त जीव पडूनच जातात. पण ज्या पत्र्याला, कौलाला, डांबराला दिवसभर हात लागतो तो माल आपल्या शरीराचं काय करतो हे सांगणारा माणूस साईटवर फार क्वचित भेटतो, कारण ते नुकसान त्या दिवशी दिसत नाही. पडलेला माणूस सगळ्यांना दिसतो, छातीत गेलेली धूळ कुणालाच दिसत नाही, आणि तिचा त्रास सुरू होतो तेव्हा वीस, तीस, कधी चाळीस वर्षं उलटून गेलेली असतात आणि ती साईट कुठली होती, माल कुठला होता हेही आठवत नाही. म्हणून नवीन लागलेल्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितोय, कामाच्या क्रमाने.

सुरुवात: वर चढायच्या आधी विचारा, हे आहे काय?

जुनं छत काढायचं असेल तर पहिला प्रश्न, हे कधीचं आहे आणि कशाचं आहे. करड्या रंगाचा नागमोडी सिमेंटचा पत्रा दिसला की त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे सिमेंटमध्ये मिसळलेले एका खनिजाचे बारीक तंतू, असंच धरून चालायचं. आता बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रेही मिळतात आणि ते दिसायला अगदी तसेच असतात, त्यामुळे "मी बघून सांगतो" म्हणणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका, कितीही जुना मिस्त्री असला तरी. ते फक्त लॅबमध्ये तुकडा तपासूनच कळतं, आणि तो तुकडाही माहीतगार माणसानेच काढायचा, आपण हातोडी मारून नाही. शिवाय अ‍ॅस्बेस्टॉस फक्त पत्र्यातच असतं असं नाही. जुन्या इमारतींमध्ये ते पन्हाळीत, पावसाच्या पाईपात, छताच्या शिरेवरच्या कोन्यात, छज्जाखालच्या बोर्डात आणि कधी कधी जुन्या डांबरी फेल्टमध्येसुद्धा सापडतं.

नवीन माल असेल, म्हणजे प्रायमर, चिकटवायचं सोल्युशन, कोटिंग, फोम वगैरे, तर त्याचं सेफ्टी डेटा शीट मागा. हे सोळा भागांचं कागदपत्र असतं, सगळं वाचायची गरज नाही, भाग २ मध्ये धोका काय ते, भाग ४ मध्ये अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर काय करायचं ते, आणि भाग ८ मध्ये मास्क आणि ग्लोव्हज कुठले घालायचे ते लिहिलेलं असतं. हे तीन वाचले तरी तुम्ही साईटवरच्या बऱ्याच जणांच्या पुढे असाल. नवीन माणूस काय विचारणार असा संकोच करू नका, विचारायचा हक्क आहे तुमचा.

सिमेंट पत्रा आणि अ‍ॅस्बेस्टॉस

पत्रा अख्खा आहे, शांत पडलाय, तेव्हा त्यातले तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात आणि धोका कमी असतो. धोका तयार करतो आपण, तोडून, कापून, ड्रिल मारून, घासून, प्रेशर पंपाने धुऊन. मग ते तंतू हवेत येतात, आणि ते इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत, वास येत नाही, खोकलाही लगेच येत नाही. फुफ्फुसात गेले की शरीराला ते नीट बाहेर काढता येत नाहीत. त्यातून अ‍ॅस्बेस्टॉसिस होतो म्हणजे फुफ्फुस कडक होत जातं, फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, आणि मेसोथेलिओमा नावाचा फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर होतो. निळं, तपकिरी आणि पांढरं असे याचे प्रकार सांगतात आणि "पांढरं चालतं" असं अजूनही कानावर येतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सगळेच प्रकार कॅन्सर करतात. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्यावरही बंदी घातली, ऑस्ट्रेलियात २००३ च्या शेवटी पूर्ण बंदी आली, युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून. बंदी नवीन मालावर असते, जुनी छतं तशीच उभी असतात, आणि ती उतरवायला माणसंच लागतात.

आणि जो सिगारेट किंवा बिडी ओढतो त्याने नीट ऐका, अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता दोघांची बेरीज राहत नाही, कितीतरी पट वाढतो.

नवीन माणसासाठी माझा सल्ला सरळ आहे, ट्रेनिंग नसेल तर अ‍ॅस्बेस्टॉस काढायच्या कामाला हात लावू नका. बऱ्याच देशांत त्यासाठी वेगळं लायसन्स किंवा ट्रेनिंग सक्तीचं आहे. तरी काम बरोबर चाललंय की नाही हे ओळखता यावं म्हणून पद्धत सांगतो. आधी खालची जागा दोरी लावून बंद करायची, आसपासच्या खिडक्या बंद, ज्यांचं काम नाही त्यांना लांब ठेवायचं. पत्रा पाण्याने हळू फवारून ओला करायचा, पाण्यात थोडं लिक्विड साबण टाकलं की पाणी नीट मुरतं, जोरदार धार मात्र अजिबात नको. बोल्ट शक्यतो उघडून किंवा बोल्टच कापून काढायचे, पत्रा हिसकून किंवा फोडून नाही. पत्रा अख्खा, हाताने किंवा दोरीने खाली उतरवायचा, वरून फेकला की सगळी काळजी वाया गेली. खाली आला की जाड प्लास्टिकमध्ये, साधारण २०० मायक्रॉन म्हणजे ०.२ मिलिमीटर, दोन थर गुंडाळून टेपने बंद करून त्यावर अ‍ॅस्बेस्टॉस असं ठळक लिहायचं आणि तो अशा कचऱ्यासाठी ठरलेल्या ठिकाणीच पाठवायचा. हे तुकडे भरणीला टाकायचे नाहीत, रस्त्याच्या खड्ड्यात टाकायचे नाहीत, आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर घालायला कुणाला द्यायचे तर मुळीच नाहीत.

दुसरी गोष्ट, हा पत्रा ठिसूळ असतो, आणि इथे दोन्ही धोके एकत्र येतात. वर्षानुवर्षं ऊन पाऊस खाल्लेला पत्रा माणसाच्या वजनाने एका क्षणात फुटतो, आवाज येईपर्यंत माणूस खाली असतो. "बोल्टच्या रेषेवरून चाल, खाली पर्लिन (पत्र्याखालचा आडवा वासा) आहे" हे सगळीकडे सांगतात. तसं चालायचं नाही, एक पाऊल चुकलं की संपलं, आणि तो पत्रा बोल्टपाशीही फुटतो. पर्लिनवर टेकणाऱ्या कमीत कमी ६० सेंटीमीटर रुंदीच्या फळ्या टाकून, खाली जाळी बांधून, हार्नेस म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा लावून काम करायचं, आणि जमत असेल तर वर न चढता खालून परांचीवरून करायचं ते सगळ्यात बरं. उजेडासाठी बसवलेल्या फायबर शीटवर कुणीतरी कधीतरी रंग मारलेला असतो, मग ती बाकीच्या पत्र्यासारखीच दिसते. चढायच्या आधी आत जाऊन खालून वर बघा, उजेड कुठून झिरपतो ते कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, मी तरी हे केल्याशिवाय कुणाला वर पाठवत नाही.

कौलं, स्लेट, काँक्रीट कापताना

मातीची कौलं, काँक्रीटच्या टाइल्स, स्लेट, सिमेंट बोर्ड, या सगळ्यात सिलिका असते, वाळूत असतं तेच खनिज. अख्खं कौल हातात घेतलं तर काही होत नाही, पण ग्राइंडर लावला की पांढरा धूर उडतो तो धूर नसतो, दगडाची पीठ झालेली धूळ असते. तिच्यातले जे कण दिसतात ते नाकात अडकतात, खरे वाईट जे दिसत नाहीत ते, १० मायक्रॉनपेक्षा लहान. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो म्हणजे अंदाज घ्या. हे कण थेट खोल फुफ्फुसात जातात आणि तिथे व्रण पडत जातात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. हा आजार बरा होत नाही, काम सोडल्यावरसुद्धा वाढू शकतो, सिलिकामुळे फुफ्फुसाचा कॅन्सरही होतो, आणि टीबी व्हायची शक्यता वाढते. अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम सिलिका ही मर्यादा आहे, म्हणजे मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी, आणि पाण्याशिवाय ग्राइंडर चालवला तर ती मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही.

मग करायचं काय, तर आधी विचार करा की कापायलाच हवं का. मांडणी नीट केली, अर्धी कौलं कारखान्यातून आणली तर निम्मी कटिंग वाचते. कापायचंच असेल तर हाताने दाबून तोडायचं कटर वापरा, त्यातून धूळ जवळजवळ नसतेच. ग्राइंडर लागणारच असेल तर पाण्याची सोय असलेलं मशीन घ्या किंवा ज्याला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडता येतो असं. साध्या इलेक्ट्रिक ग्राइंडरवर हेल्परने बाटलीतून पाणी ओतायचं हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो, तो कृपा करून करू नका, शॉक बसून माणूस जातो. कटिंग एकाच जागी, शक्यतो जमिनीवर, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही, वारा बाजूने येईल असं उभं राहायचं, कारण पाठीवरून वारा आला की धूळ आपल्याच तोंडापुढे फिरत राहते. आणि संध्याकाळी कोरडा झाडू मारायचा नाही, ब्लोअरने उडवायची नाही. दिवसभर सांभाळलेलं सगळं त्या दहा मिनिटांत छातीत जातं. ओलं करून गोळा करा.

डांबर, आणि आपण दोन वेगळ्या गोष्टींना डांबर म्हणतो

हे फार महत्त्वाचं आहे. एक डांबर पेट्रोलियमपासून येतं, ते बिटुमेन. दुसरं दगडी कोळशापासून, ते कोल टार. रंग दोन्हीचा काळा, बोलताना दोन्ही डांबरच, पण कोल टार जास्त घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने छताच्या कामातल्या कोल टार पिचला माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या गटात ठेवलंय, आणि २०१३ मध्ये छतासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिडाइज्ड बिटुमेनच्या वाफांना बहुतेक कॅन्सर करणाऱ्या गटात. नवीन छतावर आता बहुतेक बिटुमेनच असतं, पण जुनं छत उखडताना कोल टार निघू शकतं. त्याची धूळ अंगावर बसली आणि वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि आग होते, डोळे चुरचुरतात. मी पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा सगळे म्हणाले ऊन लागलंय, पण ऊन सगळ्यांनाच लागत होतं आणि कातडी फक्त जुना थर खरवडणाऱ्या दोघांचीच लाल झाली होती. पूर्ण बाह्या, मान झाकणारं कापड, गॉगल, आणि दुपारच्या कडक उन्हात हे काम ठेवायचंच नाही.

गरम डांबराचा खरा रोजचा धोका भाजण्याचा. डांबर वितळवायचा बॉयलर २०० डिग्रीच्या वर असतो. त्यात पाण्याचा थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते, पाणी वाफ होताना दीड हजार पटीहून जास्त फुगतं, आणि डांबर उसळून बाहेर येतं. म्हणून ओली ढेप टाकायची नाही, ओली बादली वापरायची नाही, पाऊस येतोय असं वाटलं तर झाकण बंद. बादली काठोकाठ भरायची नाही, आणि गरम बादली घेऊन शिडी तर चढायचीच नाही. डांबर पेटलं तर त्यावर पाणी अजिबात नाही, झाकण टाका, बर्नर बंद करा, आग विझवायचा ड्राय पावडरचा सिलेंडर वापरा, तो बॉयलरपासून हाताशी पण आगीच्या पलीकडे अडकणार नाही असा ठेवायचा. तापमान गरजेपेक्षा जास्त वाढवू नका, जितकं जास्त गरम तितका जास्त धूर, थर्मामीटर लावलेला हवा. झाकण उघडताना बाजूला उभं राहा, तोंड वर नेऊ नका, कारण बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याला सडलेल्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणून "आता वास गेला" म्हणजे सुरक्षित झालं असं समजू नका.

अंगावर गरम डांबर पडलं तर लगेच स्वच्छ गार पाण्याखाली धरा, कमीत कमी वीस मिनिटं, फक्त तेवढाच भाग, बर्फ नको. चिकटलेलं डांबर ओढून काढू नका, कातडी सोबत येते. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावून काढायचा प्रयत्न करू नका. बोटाभोवती किंवा मनगटाभोवती पूर्ण वेढा बसला असेल तर रक्त अडकू शकतं, तेव्हा थांबू नका, सरळ हॉस्पिटल.

गॅसच्या टॉर्चने मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा डांबरी थर, चिकटवत असाल तर लाकूड, वाळलेला पालापाचोळा, पक्ष्यांची घरटी आधी साफ करा, आणि टॉर्च बंद केल्यावर कमीत कमी एक तास, जमलं तर दोन, कुणीतरी वर थांबून बघत राहिलं पाहिजे. आग बऱ्याचदा लाकडाच्या आत धुमसत राहते आणि सगळे घरी गेल्यावर पेटते.

बाकीचा माल, थोडक्यात

ग्लासवूल आणि रॉकवूलने, म्हणजे उष्णता अडवायला घालतात त्या काचेच्या आणि दगडाच्या लोकरीने, खाज येते, घसा खवखवतो. पूर्ण कपडे, ग्लोव्हज, मास्क, आणि काम झाल्यावर अंग चोळायचं नाही, आधी गार पाण्याने धुवायचं. ही अ‍ॅस्बेस्टॉससारखी नाही, एवढं घाबरायचं कारण नाही.

स्प्रे फोम मात्र वेगळा. त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्यांनी दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे अगदी थोडासा वासही झटका आणतो, मग माणसाला ते काम कायमचं सोडावं लागतं. साधा मास्क तिथे पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि फवारणी चालू असताना बाकीच्यांनी त्या जागेत जायचंच नाही.

सोल्युशन आणि प्रायमरच्या वाफेने चक्कर येते, जमिनीवर चक्कर आली तर माणूस बसतो, छतावर आली तर खाली जातो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, लोकांना वाटतं साधा ताप. एक दोन दिवसांत उतरतो, पण सारखा येत असेल तर वेल्डिंगची पद्धत चुकतेय, आधी मुलामा घासून काढा आणि धूर तोंडावर येणार नाही असं उभं राहा. मुलामा घासतानाही मास्क हवा. जुन्या छतावरच्या शिशाच्या पट्ट्या आणि जुना रंग, त्यांना हात लावला की हात धुतल्याशिवाय तोंडाला काही लावायचं नाही. कबुतरांची विष्ठा साचलेली असेल तर ओली करूनच काढा, तिच्या कोरड्या धुळीतून फुफ्फुसाचे आजार होतात.

मास्कबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका

तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नाही, ओला केला तरी नाही. बारीक धूळ त्यातून सरळ जाते. कौलं कापताना पाणी वापरूनही कमीत कमी एन ९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क हवा, अ‍ॅस्बेस्टॉसला एफएफपी३ किंवा पी १०० फिल्टर. आणि धुळीचा मास्क वाफ अडवत नाही हे लक्षात ठेवा, सोल्युशनला ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी मास्कला लावायची डबी, लागते, डांबराच्या धुराला दोन्ही एकत्र, कारण त्यात कणही असतात आणि वाफही. मास्क दाढीवर बसत नाही, कडेने हवा आत येते, अगदी दोन दिवसांची खुंटं असली तरी. घालून झाल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, कडेने हवा लागली तर परत नीट बसवा. रोज, प्रत्येक वेळी.

पण मास्क हा शेवटचा उपाय आहे. धूळ होऊच द्यायची नाही हे पहिलं. मालकाने पाण्याचं मशीन न देता नुसता मास्क हातात दिला तर ते पुरेसं नाही, आणि ते तसं म्हणून दाखवा.

ऊन

पत्रा तापतो, काळा थर आणखी तापतो, खालून वरून दोन्हीकडून ऊन. उन्हाने जाणाऱ्यांमध्ये कामाच्या पहिल्या काही दिवसांतली माणसं खूप असतात, कारण शरीराला सवय झालेली नसते. म्हणून नवीन माणसाने पहिल्या दिवशी त्या उन्हात साधारण २० टक्केच वेळ काम करावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं असा सल्ला देतात. जोश दाखवायची ही जागा नाही. दर १५ ते २० मिनिटांनी ग्लासभर पाणी, तहान लागायची वाट न बघता. सोबतचा माणूस बरळायला लागला, अडखळायला लागला, तर त्याला सावलीत आणून भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, घाम येतोय की नाही ते बघत बसू नका.

घरी जाताना

हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झालेला आहे, त्या कधी साईटवर गेल्याच नव्हत्या. कामाचे कपडे साईटवरच बदला, हवेच्या प्रेशरने झटकू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि वेगळे धुवा. अ‍ॅस्बेस्टॉसचे तर घरी न्यायचेच नाहीत, वापरून फेकायचे सूट मिळतात ते घ्या. हात, तोंड, केस धुऊनच लेकराला उचला.

काम सुरू करतानाच एकदा फुफ्फुसाची तपासणी करून घ्या, फुंकर मारायची स्पायरोमेट्री आणि छातीचा एक्सरे, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हाताशी असेल. आणि एक वही करा. तारीख, साईट कुठली, कुणाच्या हाताखाली, माल कुठला, कापला की नुसता बसवला की उखडला, किती दिवस, मास्क कुठला होता. मोबाईलमध्ये पत्र्याच्या शिक्क्याचे आणि डब्याच्या लेबलचे फोटो काढून ठेवा, आणि वहीची एक प्रत घरात कुणालातरी देऊन ठेवा. तीस वर्षांनी डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, कुठल्या धुळीत काम केलंत, आणि नुकसान भरपाई मागायची वेळ आली तर तिथेही हाच विचारला जातो.